दादाला मी माफ केलेलं नाही

दादा गेल्याचा फोन कारेगावात आमच्या शेजारणीकडे आला. मी ऐकलं आणि ‘बरं’ एवढंच म्हणाले. आज महिना होऊन गेला, अजून रडू आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात... मला ते जमणार नाही.

माझा हा थोरला भाऊ पाटसला कामाला होता आणि दारू प्यायचा. एकदा जेवण वेळेत झालं नाही म्हणून त्यानं वहिनीच्या कानाखाली अशी मारली, की तिला त्या कानानं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. ती खुटबावला माहेरी निघून गेली. पुढं त्यानं दारू सोडली आणि दौंडच्या चर्चमध्ये जायला लागला. मग एका दुपारी तो आमच्या दारात उभा. चेहरा इतका शांत, की माझं डोकंच फिरलं.

“शांते, मी पापी माणूस. तरी देवानं माझ्यावर माया केली. येशूनं माझं पाप सोताच्या अंगावर घेतलं. मला माफ केलं.”

“कान वहिनीचा गेला, आन् माफ देवानं केलं व्हय?”

“आपण समदेच पापी हाय गं.”

“समदे न्हाई. वहिनीनं काय केलं व्हतं?”

तो चहा न घेताच निघाला. मीही थांब म्हणाले नाही.

त्याच आठवड्यात तो खुटबावला गेला, हे मला वहिनीनंच सांगितलं. तिच्या भावांसमोर अंगणात उभं राहून म्हणाला, “मी हिला मारलं. हिची काय बी चूक नव्हती.”

वहिनी म्हणाली, “तुमच्या देवानं माफ केलं आसंल. मी न्हाई करायची.”

“नको करू. एवढंच सांगायला आलतो.”

त्यानंतर नऊ वर्षं तो दौंडला एका खोलीत एकटा राहिला. मी एकदाही गेले नाही.

दफनाच्या वेळी त्याच्या चर्चचे पाळक म्हणाले, देवाचं प्रेम कुठल्याही पापापेक्षा मोठं आहे. असेल. पण मार ज्यानं खाल्ला नाही, त्याला माफ करायला काय लागतं? माझा राग अजून तिथंच आहे...

नंतर वहिनी आणि मी त्याची खोली आवरायला गेलो. फळीवर दोन ताटं होती. एक वापरून झिजलेलं, दुसरं कोरं. वहिनीनं ते कोरं ताट पदरानं पुसलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि माझ्या हातात दिलं.

“तुम्ही न्या वन्सं. मला नको.”

ते आता माझ्या मांडणीत आहे. मी त्यात कुणाला वाढत नाही, आणि कुणाला देऊनही टाकत नाही.