उजेडात ये

थर्माकोलचा वास आला की सांगलीतलं ते लॅपटॉपचं दुकान आठवतं. माझे वडील, आप्पा, तमिळनाडूत गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे, वर्षातून एकदाच विट्याला घरी यायचे. आमच्या पैशांत बसणारे दोनच लॅपटॉप तिथं होते. आप्पांनी एक तळहातावर तोलून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "ह्याचा कॅमेरा कसा हाय?" मी वैतागले. "आप्पा, मला अभ्यासाला पायजे, फोटो काढायला न्हाई." तो ठेवून त्यांनी माझ्या पसंतीचा दुसरा घेतला. तो वेगवान होता, कॅमेरा मात्र यथातथाच. पुढं दर रविवारी तिकडून व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, "नीट दिसंना गं, जरा उजेडात ये." आप्पा गेले. आज नवा लॅपटॉप खोक्यातून काढला, कॅमेरा लावून पाहिला. मी अगदी लख्ख दिसत होते. तरी उठून खिडकीजवळ जाऊन बसले.