रिकाम्या गाडीचं माप

"दोन बोटं! घाला राव, घालून बघा!" आमचे शेजारी भाऊ कुणालाही हाताला धरून गाडीजवळ नेत आणि चाक अन् मडगार्डमधल्या फटीत त्याची बोटं घालायला लावत. दोनच मावली की भाऊंचा चेहरा खुलायचा. वारूळवाडीत त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा मिळायचा तो फट बघितल्यावर. गाडी अशी खाली बसवून घेणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. आमचे भाऊ पन्नाशी ओलांडलेले, टोमॅटो पिकवणारे आणि लेकीचं लग्न होऊन घरी जावई आलेले गृहस्थ होते.

गाडी दिसायला झकास, पण वळत नसे. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक आपलं सरळच. एकदा कालव्याजवळच्या वळणावर ती थेट झेंडूच्या शेतात शिरली. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पदरावरची फुलं झटकत बाहेर आल्या. "ही वळाया लागली की सांगा. तवर आमी जीपनं."

काकूंनी शब्द पाळला. बाजाराच्या दिवशी त्या वडापच्या जीपमध्ये आणि मागे क्रेट भरलेल्या गाडीत भाऊ एकटे, अशी वरात नारायणगावपर्यंत जायची. "शेजारची सीट रिकामी बघवत न्हाई, राव," एकदा ते मला म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग उपाय सुरू झाले. टायर बदलले, हवा कमी-जास्त केली. नारायणगावच्या अलाइनमेंटवाल्याने पुढच्या चाकांची डोकी जराशी आत झुकवून दिली, म्हणजे वळताना टायर रस्त्याला नीट टेकेल. भाऊ एकटेच चक्कर मारून आले. गाडी सुरेख वळली. दुसऱ्या दिवशी क्रेट भरले आणि गाडी पुन्हा झेंडूत.

"रस्ताच वाकडाय," भाऊ म्हणाले. शेतमालक जे म्हणाला ते इथे लिहीत नाही.

काकू ओट्यावर टोमॅटो निवडत होत्या. "पोलक्याचं माप अंगावर घेत्यात का खुंटीवर?" त्यांनी विचारलं. "तुमी रिकामी गाडी मापून आणली. क्रेट भरलं की तिचं बूड बसतंय, नाक उचलतंय. वळंल कशी?"

पुढच्या बाजाराला क्रेट न उतरवताच गाडी अलाइनमेंटवाल्याच्या रॅम्पवर चढली. काकू माझ्याबरोबर जीपनेच आल्या. "उभ्या गाडीला मी भेत न्हाई," म्हणत पदर सावरून सीटवर बसल्या. बघायला गर्दी झाली. एकाने तर हात जोडले.

अलाइनमेंटवाला म्हणाला, "भाऊ, मागची बाजू उचलावी लागंल. चार बोटं व्हतील."

भाऊंनी फटीकडे पाहिलं, मग वर काकूंकडे. "उचल," म्हणाले. तेव्हा मला हा माणूस फार आवडला.

वळण बघायचं म्हणून भाऊंनी क्रेट तसेच भरलेले ठेवले. परतताना काकू गाडीतून गेल्या. मला भाऊंनी घेतलं नाही, कारण माझं वजन मापात धरलेलं नव्हतं. मी जीपने मागोमाग आलो. कालव्याचं वळण आलं, गाडी वळली. भाऊंनी पुढे जाऊन ती फिरवली आणि तेच वळण पुन्हा घेतलं.

गेल्या वर्षी भाऊ गेले. मला त्यांची फार आठवण येते.

दिवाळीला जावई आले आणि गाडी घेऊन पेठ गावापर्यंत एकटेच चक्कर मारायला निघाले. इंजिनाचा आवाज ऐकून काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या आणि दार उघडून शेजारी बसल्या.

"मामी, तुमी कशाला? लगेच येतो की."

"माझं वजन धरून बसवलीय ती त्यांनी," काकू पट्टा लावत म्हणाल्या. "माझ्याबिगर वळायची न्हाई."