आतेसासूची गिरण

मूल पायाकडून येत होतं, सर्व्हिस मोटार कामरगावच्या चढाला बंद पडली होती, आणि माझी आतेसासू आपले दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरून मला विचारत होती, "आधी सांग, हलत्यात का?" मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली घोंगडीवर पडले होते. कळ आली की डोळ्यांपुढचं झाड दिसेनासं होत होतं. अशा वेळी बाईला धीर द्यायचा असतो, निदान 'देवाचं नाव घे' एवढं तरी म्हणायचं असतं. ही बाई मला स्वतःचीच तब्येत विचारत होती. पारनेर तालुक्यात तऱ्हेवाईक माणसांना कधी तोटा नव्हता, पण जगबुडी आली असती तर तारवात चढता चढता नोहाला थांबवून "जरा माझ्या पाठीला हात लावून बघ" असं सांगणारी ही एकटीच.

माझ्या सासऱ्यांची ती थोरली बहीण. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत होते. आता ती नाही, तेव्हा 'ती' म्हटलं तर चालेल. लवकर विधवा होऊन भावाकडं आली आणि सुईणपण शिकली. आम्ही ख्रिस्ती, सासरे मिशनच्या शाळेत मास्तर. पण आत्याला जात, धर्म, आळी काही आडवं येत नसे. गावातलं निम्मं पोर तिच्या हातावर जन्मलेलं, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. भर बाजारात मिशीवाल्या बाप्याला म्हणायची, "लई मिजास करू नगंस. तू भाईर आलास तवा वांग्यावानी निळा हुतास."

तर ह्या बाईला एक दुखणं होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. डोळा लागायच्या बेताला आला की तिच्या अंगात काहीतरी हलायला लागायचं. जाग येतानाही तसंच. वरून बघावं तर बाई लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली, बोटसुद्धा हलत नाही. आणि ती म्हणणार, "आतून पोटऱ्यांपासनं छातीपातुर नुसतं घुमतंय. पिठाची गिरण हाय, गिरण!" कधी गिरण, कधी डब्यात कोंडलेला भुंगा, कधी दगडावरून चाललेली गाडी. दिवस बघून वस्तू बदलायची. जेवण चांगलं झालेलं असलं की गिरण आणि सासऱ्यांशी भांडण झालेलं असलं की भुंगा, असा माझा हिशेब होता. वैद्य म्हणाला वात आहे. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना करा. शेजारची म्हातारी म्हणाली देवीचं वारं आहे, एक कोंबडं द्या. मिशनच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, सगळीकडून ऐकलं आणि सांगितलं, काही नाही, दूध पीत जा. त्यांच्यावर ती फार दिवस रागावून होती. "एवढी लांब नळी, अन् बहिरी!"

उपाय तिचे तिनेच काढले होते, आणि ते सगळे आम्हाला भोगावे लागत. दुपारी जेवण झालं की ती पायांवर पाटा ठेवून निजायची, म्हणजे हलणं दाबलं जातं. मग कुणाला चटणी वाटायची असली तर तिची झोप होईपर्यंत थांबा. एकदा तर लुगड्याच्या पदरानं स्वतःला घराच्या खांबाला बांधून घेतलं आणि तसंच उठायला गेली. खांब जागचा हलला नाही, पदर मात्र फाटला. त्यावरही म्हणाली, "बघ, केवढा जोर हाय आतल्या गिरणीला." उन्हाळ्यात गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला पाठ लावून पडायची. म्हैस रवंथ करते तेव्हा तिचं अंग घुमतं, त्यात आपलं कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हशीचं काय म्हणणं होतं ते कुणी विचारलं नाही. रविवारी मिशनच्या देवळात उपदेश सुरू झाला की तिची मान पडायची, आणि नेमकं पाळकसाहेब वरच्या पट्टीत गेले की ती दचकून ओरडायची, "आली! आली!" नवीन आलेल्या पाळकांना वाटलं, आपल्या शब्दानं बाईला आत्म्याचा स्पर्श झाला. ते बिचारे फार आनंदले. सासरे खाली मान घालून बसले.

सगळ्यांत वाईट म्हणजे तिला साक्षीदार लागत. देवी टोचणारा आला, हात ठेव. तलाठी आला, हात ठेव. बाप्यांनी पाठीला हात लावायचा नाही म्हणून त्यांच्यापुढं ती पाय करायची, आणि तलाठी बिचारा तिच्या टाचेला दोन बोटं लावून उकिडवा बसायचा. "लागतं का?" "नाही हो, आत्याबाई." "तुमचा हात मेलाय." लग्न होऊन मी उंबरा ओलांडला त्याच दुपारी तिनं मला पाठीला हात लावायला बसवलं. मी म्हणाले, काही लागत नाही. ती सासूला म्हणाली, "पोरगी दिसायला बरी हाय, पन हाताला समज न्हाई."

आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवावं, एवढी अक्कल तिला कुणी दिली नव्हती. त्याचं फळ तिला मिळालं.

सासरे मास्तर असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट सिद्ध करून दाखवायची खोड. एका रविवारी देवळातून आल्यावर ते म्हणाले, "आक्का, आज एकदाचा निकाल लावू. तू नीज. तुझ्या पोटावर तांब्या ठेवतो, काठोकाठ भरलेला. आत काही हलत असेल तर पाणी सांडेल." ती तयारच होती. ओसरीवर निजली, तांब्या ठेवला. अर्धी आळी दारात जमली. आत्या घोरायला लागली. तांब्यातलं पाणी आरशासारखं. एक माशी येऊन काठावर बसली, ती पण बुडाली नाही. मग आत्याचे डोळे उघडले, आणि "बघितलंत? केवढं हाललं!" असं ओरडून ती अशी उठली की सगळं पाणी तिच्याच अंगावर.

"हललं नाही, आक्का. थेंब सांडला नाही."

"तांब्या पितळंचा हाय. पितळंला काय समजतंय?"

सासऱ्यांना वाटलं, आता गावाची खात्री पटली. गावाची खात्री पटली, पण उलटी. पाणी हललं नाही हे बघायला आळीतल्या बायका होत्या; बाकीच्या गावानं एवढंच ऐकलं की मास्तर बहिणीच्या अंगावर तांब्या ठेवून बघतात. चांगल्या माणसावर कुणी तांब्या ठेवतं का? म्हणजे काहीतरी हलतंच. आणि जिचं अंग हलतं तिचे हातही हलणार. मग तिच्या हातात ओलं लेकरू कोण देईल?

पहिली नाही म्हणाली ती आमच्याच आळीतली, जी आत्याच्याच हातावर जन्मली होती. तिच्या लेकीचे दिवस भरले तेव्हा शेजारच्या गावाहून दुसरी सुईण आणली. आत्या सकाळपासून नेसून, बाळंतपणाची पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. बोलावणं आलं नाही. दुपारी पलीकडून लेकराचं रडणं ऐकू आलं. आत्या म्हणाली, "पोरगा हाय. नाळ लांब ठिवली आसंल तिनं, बावळीनं," आणि आत जाऊन जात्यावर बसली. पीठ दळलेलं होतं. तरी दळत बसली. मला तिची दया आली असं नाही. तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. पण त्या दिवसापासून तिनं कुणाला पाठीला हात लावायला सांगितलं नाही, आणि घर उगाच शांत झालं. पुढं दुसऱ्या आळीतही तेच झालं, तिसऱ्या आळीतही. पिशवी खुंटीला टांगली ती टांगलीच.

मग माझे दिवस भरत आले. मला माहेरी आई नव्हती, आणि मालक पलटणीत, लढाईवर. सासरे म्हणाले, "सूनबाईला नगरच्या दवाखान्यात न्यायची." घरात सुईण असताना दवाखाना, ह्याचा अर्थ सगळ्यांना कळला. निघायच्या दिवशी आत्या पिशवी काखेत मारून मोटारीत येऊन बसली. सासरे म्हणाले, "तू कशाला?" "डाक्टरला गिरण दाखवायची हाय. तुज्या सुनंशी मला काय करायचंय?"

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवलेली. ती मोटार म्हणजे धूर, खडखडाट आणि माणसांनी उतरून लावलेले धक्के. अंगातलं हाडन् हाड वाजत होतं. मी कडेला गच्च धरून बसले होते. आणि आत्या? आत्या बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, मान माझ्या खांद्यावर, लहान पोरीसारखी गाढ. बाहेरचं एवढं हलत होतं की आतलं तिला कळलंच नाही. घरात आल्यापासून तिला अशी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

कामरगावच्या चढाला भट्टी विझली आणि मोटार थांबली. उतारू खाली उतरले. मला पाणी गेल्याचं कळलं आणि मी ओरडले. आत्या दचकून जागी झाली. "थांबली का मोटार?" "थांबली." "मग ह्ये काय हालतंय?" तिचं तिलाच कळलं. झोपेतून उठली होती ना. गिरण ऐन जोरात होती.

मला लिंबाखाली नेलं. एका बाईनं लुगडं आडवं धरलं. आत्यानं तेलाचे हात केले, बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं. "पायाळू हाय," म्हणाली. आणि मग ते हात माझ्या तोंडापुढं. "खरं सांग. आतून लई हालतंय आज. भाईर दिसतंय का? दिसत आसलं तर मी हात घालनार न्हाई. पोराचं डोकं आडकलं अन् माजा हात चुकला तर..." सगळ्या गावाला दमात घेणारी बाई माझ्याकडं असं बघत होती, जसं काही मीच मास्तर होते.

मी बघितलं. नीट बघितलं, कारण माझ्याही जिवाचा प्रश्न होता. बोटं जाड, नखं कापलेली, तेलानं चकाकत होती. चुलीपुढच्या दगडासारखे हात. हलत नव्हते.

"नाही हलत."

"भिऊन सांगती का?"

"आत्या, हलत नाहीत! घाला हात, नाहीतर मी उठून तुमचा गळा धरते!"

"मग आसं आधी म्हनायचं," ती म्हणाली, आणि कामाला लागली. त्यापुढं तिनं मला अजिबात धीर दिला नाही, नुसत्या शिव्या दिल्या. मला, माझ्या नवऱ्याला, मोटारवाल्याला, सरकारला. "पाय आधी घालतंय भाईर! बापावर गेलंय, उलट्या डोक्याचं!" मोटारीच्या पलीकडं सासरे मोठ्यानं स्तोत्र म्हणत होते, ते चुकत होते. डोकं खरंच अडकलं. तेव्हा शिव्या थांबल्या. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग एकदम सगळं सुटलं, आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. मग फटका. मग रडणं. ड्रायव्हर पलीकडून म्हणाला, "झालं का, मावशी? भट्टी तापलीय."

पायाकडून आलेल्या लेकराला आपल्याकडं पायाळू म्हणतात. धरलेल्या पाठीला पायाळूचा पाय लावला की पाठ सुटते, असं लोक मानतात. नाळ कापून होते न होते तोच आत्यानं पाठ उघडी केली आणि लुगडं धरणाऱ्या बाईला म्हणाली, "हिचा पाय लाव हितं." सासरे धावत आले आणि पाठ फिरवून ओरडले, "आक्का, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही!"

"मास्तर, तू तांब्या ठिवलास तवा मी गप ऱ्हायले. आता मी पाय ठिवती."

माझ्या मुलीचं पहिलं काम हेच झालं. तो इवला ओला पाय आत्याच्या पाठीवर टेकवला. आत्या डोळे मिटून बसली. ड्रायव्हर, सासरे, उतारू, सगळे थांबले. मी बाळंत झालेली बाजूलाच पडले आहे, माझ्याकडं कुणी बघेना.

"काय, आक्का?"

"हाय अजून," ती म्हणाली आणि चोळी नीट केली.

घरात सगळे म्हणतात, आत्यानं तुला वाचवलं. मी दवाखान्यात पोचले असते तरी बहुतेक वाचले असते, आणि शिव्या ऐकाव्या लागल्या नसत्या. पण पोचले नव्हते, हेही खरं. गावात बातमी गेली आणि खुंटीवरची पिशवी पुन्हा खाली आली. लगेच तिची जुनी खोड परतली. अडलेल्या बाईच्या घरी गेली तरी आधी तिच्या सासूला पाठीला हात लावायला सांगायची. कुणाला कधी काही लागलं नाही. मलाही नाही. लागलं असं खोटं सांगायला मी काही तिची भक्त नव्हते.

पुढं सरकारी मोटारी सुरू झाल्या. म्हातारपणी तिला झोप अगदी येईनाशी झाली, तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून नगरला निघायची. मला बरोबर नेई. बसलं की तिची मान माझ्या खांद्यावर, आणि नगर येईपर्यंत गाढ झोप. माझा हात, खांदा, सगळं बधिर होई. मी हलत नसे. माया म्हणून नाही. उठली की बोलायला लागली असती. आता त्या रस्त्यानं जाते तेव्हा खांदा मोकळा असतो, आणि बसायला काही नीट जमत नाही.

ती आपल्या अंथरुणात गेली, दुपारच्या झोपेत. कामरगावच्या चढावर मी जगले, माझी मुलगी जगली.