तेवीस कुंड्या आणि एक खिडकी

गुरुवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी कंट्रोलर बाहेरच्या खोलीत उकिडवे बसून तेविसाव्या कुंडीवर फवारा मारत होते. एका कुंडीला सहा फवारे, मोजून. सातवा चुकून पडला की ते पुढच्या कुंडीतून एक वजा करत.

कंट्रोलर हे नाव नव्हे, हुद्दा. एकतीस वर्षे त्यांनी बसस्थानकातल्या काचेच्या खोलीतून गाड्या सोडल्या. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा खोली तिथेच राहिली आणि हुद्दा घरी आला. गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. बायको 'अहो' म्हणते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवरची त्यांची सगळी फुलझाडे करपली. तेव्हापासून त्यांनी घरातल्या सावलीत वाढणारी झाडे धरली: फर्न, मनीप्लांट, पीस लिली, स्नेक प्लांट आणि पट्टेरी पानांचे एक, ज्याचे लांबलचक नाव पाहुण्यांना पाठ होईपर्यंत चहा येत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे झाडांचे वेळापत्रक टाईप करून चिकटवलेले आहे. नऊ चाळीसला तीन ते नऊ क्रमांकाच्या कुंड्या खिडकीकडून पॅसेजमध्ये हलतात, अकरा पंचवीसला पॅसेजमधून न्हाणीघराच्या दाराशी. अकरा पंचवीसला ज्याची अंघोळ चालू असेल, त्याला कुंड्या दारावरून हटेपर्यंत आत थांबावे लागते.

हे वेळापत्रक मार्चच्या पहिल्या आठवड्यातले. एप्रिलपर्यंत ऊन खोलीत वेगळ्या वेळी, वेगळ्या कोपऱ्यातून येऊ लागले आणि पट्टेरी पानांच्या कडा तपकिरी पडल्या. कंट्रोलरांनी वहीत लिहिले, 'ऊन पंचवीस मिनिटे आधी दाखल.' वेळापत्रक बदलले नाही. नोकरीतही त्यांच्या वेळापत्रकाची चूक कधी निघाली नव्हती. निघाली ती गाडीची.

बाहेरच्या खोलीला पूर्वेकडे एक मोठी खिडकी आहे. खिडकीला भिडवून बायकोचे शिवणाचे टेबल आहे, एकोणीस वर्षांपासून. त्यावर शिलाईयंत्र, कात्री, रिळांचा डबा. मार्चमध्ये कंट्रोलरांनी त्या खिडकीवर हिरवी जाळी ताणली. एप्रिलमध्ये जाळीच्या आत जाड पडदा आला. बायकोने दहा ते एक एवढा तरी उजेड मागितला होता. मागणी विचाराधीन आहे, असे तिला सांगण्यात आले. विचार करणारे आणि सांगणारे एकच होते. मग ती डोक्यावरच्या ट्यूबलाईटखाली शिवू लागली.

मे महिन्यात तिला मोठे काम आले. गावातल्या एका वकीलबाईंनी नऊ काळे गाऊन शिवायला दिले. त्यांच्याकडचे नऊ नवे वकील सोमवारी शपथ घेणार होते. पहिला गाऊन पसंत पडला तर बाकीचे आठ, आणि पुढच्या वर्षीचेही, असे ठरले होते. आधीच्या शिंप्याने बाह्या आखूड केल्या म्हणून काम इकडे आले होते, तेव्हा चूक झाली की काम कसे हातचे जाते हे तिला नीट माहीत होते.

गुरुवारी दुपारी बारा वाजता वकीलबाई पहिला गाऊन न्यायला आल्या. खोलीत शिरताना दहाव्या कुंडीला अडखळल्या. गाऊन अंगावर चढवला, खांदे हलवून पाहिले, छान म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या.

"ताई, हा दोरा हिरवा आहे."

बायको गाऊन घेऊन दाराबाहेर उन्हात गेली. शिवण गळ्यापासून काठापर्यंत गडद हिरवी होती. जाळी आणि पडद्यातून गाळून आलेला उजेड आणि वरची ट्यूब यांत ते रीळ तिला काळे दिसले होते. वकीलबाई म्हणाल्या, सोमवारी सकाळी नऊच्या नऊ काळ्या दोऱ्याचे मिळाले तर घेते, नाहीतर तयार विकत घेईन. एवढे बोलून त्या गेल्या.

कंट्रोलर पॅसेजमध्ये उभे होते. ते म्हणाले, रिळांवर क्रमांक टाकले असते तर असा घोळ झाला नसता.

बायको स्टुलावर चढली. पडदा काढला, जाळीचे आठही हुक सोडवले, जाळीची चादरीसारखी घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"अहो, तुमच्या झाडांना सावली हवी, ती घरभर शोधा. मला दोरा दिसायला हवा. ही खिडकी सोमवारपर्यंत माझी आहे, आणि सोमवारनंतरही."

मग तिने टाचण्यांच्या डबीतून उसवणी घेतली आणि गळ्यापासून उसवायला सुरुवात केली.

कंट्रोलरांना तज्ज्ञ साक्षीदार हवा होता. चार वाजता ते पिवळे पडत चाललेले फर्न पिशवीत घालून नर्सरीत गेले. तिथली बाई वीस वर्षे रोपे विकते आहे. तिने पान उलटून पाहिले, लांबलेले देठ पाहिले आणि कुंडी कुठे ठेवता ते विचारले. कंट्रोलरांनी जाळी, पडदा, जाळी किती टक्के ऊन अडवते ते, सगळे सांगितले.

"काका, ही सावलीची झाडं आहेत. गोदामाची नाहीत," ती म्हणाली. झाड उजेडासाठी ताणले गेले आहे, थेट ऊन लागू देऊ नका आणि उजेड अडवू नका, इतके सांगून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. थेट ऊन नाही आणि उजेड भरपूर, अशी जागा घरात कुठे आहे, हे तिला विचारावे असे कंट्रोलरांना वाटले, पण तिला त्यांचे घर माहीत नव्हते.

जागा सापडली ती घरी आल्यावर, चप्पल काढायला वाकले तेव्हा. शिवणाच्या टेबलाखाली. खिडकी उघडी, वर टेबलाची सावली, फरशीवर उजेड.

बायको मान वर न करता म्हणाली, "यंत्राचा पायटा मोकळा ठेवा."

साडेआठपर्यंत एकोणीस कुंड्या टेबलाखाली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लागल्या. चार स्नेक प्लांट पॅसेजमध्येच राहिले, त्यांची कसलीच तक्रार नव्हती. जेवताना कंट्रोलरांनी मुलीला फोनवर सांगितले की तज्ज्ञांशी चर्चा केली, एकंदरीत आपलेच म्हणणे बरोबर निघाले. बायकोने मुलीशी बोलायला फोन घेतला आणि उजेड चांगला आला आहे, एवढेच सांगितले.

झोपण्याआधी त्यांनी दारामागचा कागद बदलला. नव्या कागदाच्या डोक्यावर 'सुधारित' असे आहे आणि खाली फक्त त्यांची सही आहे. नऊ चाळीस आणि अकरा पंचवीसच्या फेऱ्या रद्द. बायकोने तो वाचला, पेन मागून घेतले आणि तळाशी एक ओळ वाढवली: 'दुपारी एक ते दोन, उसवलेले दोरे झाडणे.' जबाबदारीच्या रकान्यात तिने काही लिहिले नाही. तिथे त्यांचेच नाव आधीपासून छापलेले होते.

उद्या शुक्रवार. सहा पाचला फवारणी, तीही टेबलाखाली, गुडघ्यांवर. साडेसहाला शिलाईयंत्र सुरू होईल. पहिला गाऊन काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवायचा आहे, आणि आठ बाकी आहेत.