राहिलेला दहावा

लग्न होऊन मी जानेफळला आले, त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदाच बीटी कपाशी लावली होती. बोंडं अशी फुटली की वेचलेला कापूस ठेवायला घर पुरेना. पुढच्या खोलीत ढीग रचताना मी भिंतीतली देवळी मोकळी करायला घेतली. तिच्यात सुपारीएवढा काळा खडा होता. तो मी अंगणात भिरकावला. चिखल होऊ नये म्हणून तिथे नुकतीच ट्रॉलीभर खडी टाकलेली होती.

दोन दिवसांनी सासूबाईंनी देवळीत हात घातला.

"इथला खडा कुठं गेला वं?"

"फेकला," मी म्हणाले. माझं तोंड आधीपासूनच फटकळ. "आत्याबाई, खडे काय जपून ठेवाचे असतात?"

त्यांनी देवळी पुन्हा चाचपली आणि मग सांगितलं. तो त्यांच्या वडिलांचा जीवखडा होता. माणूस गेल्यावर अंत्यविधीत उचलतात तो. त्यात त्याचा जीव मानतात आणि दहाव्या दिवशी पाण्यात सोडतात. वडील रंगूनला रेल्वेत कामाला होते. जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तशी सगळी माणसं जंगलातून पायी निघाली, त्यात हे कुटुंबही. वडील वाटेतच तापाने गेले. आईने रस्त्यावरचा एक खडा उचलून पदराला बांधला. मग तीही तापाने फणफणली, आणि शुद्धीवर आली तेव्हा किती दिवस उलटले ते कुणालाच सांगता येईना. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. दहावा राहिला तो राहिलाच. दिवसांचा मेळ लागल्याशिवाय खडा सोडायचा कसा, म्हणून आईने तो जन्मभर सांभाळला आणि तिच्यामागे सासूबाईंनी.

मला रडावं की पाया पडावं, काही सुचेना. अंगणात बसून सगळी खडी चिवडली. ओंजळभर खडे आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि बाजूला ठेवला.

"कोन्त्या दिवशी फेकला?"

"सोमवारी."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "मंग आज तिसरा दिवस. आता तू मोजत राह्य. चुकू नको."

मी गोंधळूनच गेले. साठेक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं सुतक मी खडा फेकला तेव्हापासून? घरात देवापुढे दिवा नाही, भाजीला फोडणी नाही. शेजारणी विचारायच्या, "कोन गेलं वं तुमच्या इथं?" काय सांगणार, कपाळ! नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "माय म्हंते तसं कर." रोज सकाळी मी दिवस मोजायची आणि तरी मोजण्यात चूक झाली असेल असं वाटायचं.

दहाव्या दिवशी ओढ्यावर निघालो. अंगणात त्या थांबल्या. "एक खडा उचल."

"कोन्ता?"

"कोन्ताई. माह्या मायनं बी असाच उचलला होता."

हाताला आला तो घेतला. पाण्यात सोडताना त्या सत्तरीच्या बाईने "बाबा" अशी हाक मारली आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड धुतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिटलं ना वं सुतक?"

"हाव," मी म्हणाले. मला काय कळत होतं!