कोरड्या विजा: नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर

"उदगीरला जाऊ या," असं शिवानंद आपणहून म्हणाला तेव्हा मी कणीक मळत होते. ऐकण्यात चूक झाली असं वाटून मी नळ बंद केला.

नवीन वाचकांसाठी सांगते. शिवानंद माझा नवरा. नाशिकच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवायचो, तो भौतिकशास्त्र आणि मी भूगोल. मोठा झटका येऊन त्याचं हृदय कमजोर झालं, ठोका भरकटायला लागला, म्हणून डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. ठोका भलताच धावू लागला की ते आतून विजेचा धक्का देतं आणि ठोका जागेवर आणतं. आदल्या दिवाळीत एका दुपारी त्या यंत्रानं एकामागून एक धक्के दिले. तो पूर्ण शुद्धीत होता. छातीवर आतून कुणी घण घालावा तसं वाटतं, असं तो नंतर म्हणाला. डॉक्टर त्याला 'इलेक्ट्रिकल स्टॉर्म' म्हणाले, विजांचं वादळ. तेव्हापासून शिवानंद घरातून बाहेर पडायचा बंद झाला. जिना नको, पाहुणे नकोत, मोठ्यानं हसणंही नको. त्याला मरणाची भीती नव्हती, पुढच्या धक्क्याची होती.

असा माणूस एप्रिलच्या उन्हात मराठवाड्यात जायचं म्हणत होता.

"अण्णाच्या माडीवरून वळवाच्या विजा बघायच्या आहेत," तो म्हणाला. "लहानपणी आम्ही दोघं भाऊ बघत बसायचो. एकदाच."

डॉक्टरांना विचारलं. आभाळातल्या विजेचा आणि यंत्राचा काही संबंध नाही, औषधं चुकवू नका, फक्त मोठ्या दवाखान्यापासून फार लांब राहू नका, असं ते म्हणाले. शेवटचं वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं आणि तिथंच सोडलं.

दिवसाची गाडी म्हणून तपोवन घेतली. नाशिक रोडला बसलं की संध्याकाळी नांदेड. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसीचा डबा घ्या आणि पाणी घरून भरपूर न्या, कारण त्या दुष्काळी वर्षी जालन्याच्या पुढे फलाटावरचे नळ कोरडे होते. स्टेशनच्या मेटल डिटेक्टरमधून शिवानंदला जाता येत नाही. पोलिसाला यंत्राचं सांगितलं तर त्यानं आदरानं बाजूनं सोडलं आणि वर विचारलं, "काका, चार्जिंग कसं करता?" कितीतरी महिन्यांनी शिवानंद हसला. परभणी येईपर्यंत तो मला शिकवत होता: हृदय चालवणारी वीज इतकी बारीक असते की मनगटावरच्या घड्याळाचा सेल तिच्यापुढे राक्षस. "आणि तेवढीशी वीज वाट चुकली की माणूस संपतो," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. काळी रानं, त्यांत नांगरट तशीच उघडी पडलेली.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला स्वच्छ आणि स्वस्त खोल्या मिळतात, लंगरमध्ये जेवण. पहाटे नदीवर गेलो. गोदावरी आमच्या नाशिककडून निघते, पण नांदेडला तिच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती.

"आपण हिच्या आधी पोचलो," शिवानंद म्हणाला.

पुढचा प्रवास जीपचा. एसटी आहे, पण देगलूरला बदलावी लागते. जीप ठरवताना परतीचं भाडं धरलंय का ते आधीच बोलून घ्या. आमचे चालक नागनाथ देगलूरचेच. नायगावला त्यांनी सुशीला खायला थांबवलं. चुरमुरे भिजवून केलेला हा पोह्यांचा भाऊ, वर शेंगदाणे आणि हिरवी मिरची. टपरीच्या बाकावर दोन म्हातारे आभाळाकडे बघत बसले होते.

"काल बी लई गरजलं," एक म्हणाला.

"गरजंना का. थेंब न्हाई पडला. लिंबाखाली बांधलेली म्हैस तेवढी गेली सोपानची."

"औंदा वरची वीज येऊन राहिली रोज. तारंतली येत न्हाई."

नागनाथ हसले. शिवानंदनं मात्र त्या म्हाताऱ्यांना नीट समजावलं: ढग वर असतो, पाऊस सुटतोही, पण खालची हवा इतकी तापलेली असते की थेंब वाटेतच विरून जातो. वीज तेवढी खाली पोचते. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"म्हंजी पडतोय, पन आमच्यापातूर येत न्हाई."

"हो," शिवानंद म्हणाला.

देगलूरला बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकायला मिळतात. एरवी मी त्यावर दोन परिच्छेद लिहिले असते. खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वरण होतं. पाण्याचा जग टेबलावर ठेवत नव्हते, मागाल तेवढंच पेल्यात ओतत होते. देगलूर ते उदगीर रस्ता अरुंद आणि खडबडीत. जीप आदळली की शिवानंदचा हात खांद्याकडे जायचा.

उदगीरला अण्णांचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं, खाली धान्याची आडत आणि वर माडी. अण्णा म्हणजे शिवानंदचे थोरले भाऊ. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि खिशात कायम एक निवेदन: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. चौकात तशी पाटीही होती.

"औंदा घोषणा होनार म्हंत्यात," अण्णांनी आल्या आल्या सांगितलं. "जिल्हा झाला की समदं इथंच. कलेक्टर, मोठा दवाखाना, तुज्यासारख्याला हार्टचा डाक्टर. लातूरला पळायचं काम न्हाई."

"आधी पानी येऊ द्या म्हनावं," स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. टँकरच्या पाण्याच्या पिंपांवर त्यांनी जुन्या साड्या बांधून ठेवल्या होत्या.

त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. माडीवर बसून शिवानंदनं मला पूर्वेला गुरू दाखवला, पिवळा आणि अगदी स्थिर. "तिथंही विजा आहेत," तो म्हणाला. "आपल्या विजा त्यांच्यापुढे काहीच नाहीत. आणि त्या ढगांखाली जमीन नाही, मंगल. पडायला जागाच नाही. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण आता त्याचा विचार आला की झोप उडते." मी शाल आणून त्याच्या खांद्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत किल्ला बघितला. बघाच. खंदक प्रचंड आहे, आणि आत सावलीही मिळते. शिवानंद दरवाजापर्यंत आला आणि पायरीवर बसून राहिला.

दुपारी चारच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून ढग चढला. आधी धुळीचं वारं आलं, मोंढ्यातली पोती उडाली. मग ढगाच्या पोटात वीज हलायला लागली. शिवानंदनं खिडकीशी खुर्ची मांडली आणि सगळ्यांना पत्र्यापासून लांब बसवलं. अण्णा आडत बंद करून वर आले. साठीतली ती दोन भावंडं शेजारी बसली आणि वीज दिसली की आकडे मोजायला लागली, गडगडाट ऐकू येईपर्यंत, लहानपणी मोजायची तशी.

"देवनीकडं पडली," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा, अजून जवळ."

एक वीज आभाळभर पसरली, झाडाच्या मुळ्यांसारखी, आणि विझायच्या आधी तिच्याच वाटेनं पुन्हा लखलखली. शिवानंद खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दिवाळीनंतर तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. खाली अंगणात अक्का परात घेऊन उभ्या होत्या. परातीत चार थेंब वाजले आणि थांबले.

मग शिवानंद म्हणाला, "मंगल," आणि त्याचं सगळं अंग खुर्चीत उडालं.

यंत्राचा पहिला धक्का. मी त्याला धरलं तोवर दुसरा. अण्णा ओरडले, "वीज पडली का रं ह्याच्यावर?" मी त्यांना सांगत होते की नाही, ही आतली आहे, आणि सांगताना तिसरा आला. शेजारचे डॉक्टर धावत आले, नाडी बघितली, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "इथं काही होणार नाही. लातूर गाठा."

शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अण्णा पुढे बसून 'ॐ नमः शिवाय' म्हणत होते. नळेगाव गेलं, आष्टामोड गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विजा कोसळत होत्या आणि काचेवर थेंब नव्हता. धक्का बसला की माझ्या हातांनाही मुंग्या यायच्या.

"बंद कर हे," तो म्हणाला.

"आलंच लातूर."

"लातूर नको. हे बंद कर. मंगल, मला आणखी एक नको."

मला ते बंद करता येत नव्हतं. मी त्याच्या छातीवर हात दाबून बसले, जणू आतल्या यंत्राला ते कळणार होतं.

लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी शिरेतून औषध सुरू केलं आणि एक गोल लोहचुंबक त्याच्या खांद्याखाली चिकटपट्टीनं बसवलं. "हे आहे तोवर यंत्र धक्का देणार नाही," त्या म्हणाल्या. "ठोक्यावर आमचं लक्ष आहे." थोड्या वेळात शिवानंद झोपला, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा.

सकाळी त्या चुंबक काढायला आल्या तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला.

"हे कायम ठेवता येईल?"

"चुंबक नाही. पण यंत्राचे धक्के बंद करता येतात, बाहेरूनच. मग ठोका बिघडला तर ते काही करणार नाही."

"म्हणजे मी मरेन."

"हो. कदाचित लगेच."

"असं बंद करता येतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही," शिवानंद म्हणाला.

मी म्हणाले, "नाही. असं काही करायचं नाही." त्यानं वाद घातला नाही. चुंबक निघालं, आणि त्याची नजर पुन्हा पहिल्यासारखी झाली, कान देऊन बसलेल्या माणसासारखी.

लातूरला तेव्हा पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. पेशंटसाठी पाणी घरून आणा, असं दवाखान्यानं सांगितलं होतं. दुपारी अक्का उदगीरहून एसटीनं दोन कॅन घेऊन आल्या. टँकरमधल्या त्यांच्या वाट्याचं पाणी. बाहेरच्या बाकावर त्या माझ्याशेजारी बसल्या.

"धनी म्हनले, जिल्हा असता तर इथं यावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. "मंगल, पोरगं लई भिऊन राहिलंय. मी त्याला न्हाऊ-माखू घातलंय, मला कळतंय. कशासाठी ठेवून घेतीस त्याला असं?"

मला त्यांचा राग आला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही.

परतीला रेल्वे नको म्हणून बीड, नगरमार्गे गाडी केली. बीडच्या अलीकडे रस्त्याचं काम सुरू होतं, तुम्ही जाल तेव्हा झालेलं असेल. शिवानंद वाटभर जागा होता. नगरला चहाला थांबलो तेव्हा मीच म्हणाले, "बंद करून टाकू." त्यानं माझ्याकडे बघितलं, पेला खाली ठेवला आणि रडला. आनंदानं की कशानं, मी विचारलं नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बोलावून दोनदा तेच विचारलं, मग सही घेतली. धक्के बंद झाले. कातडीला हातही लावला नाही, एका यंत्रानं दुसऱ्याला सांगितलं, इतकंच. त्यानंतरचे महिने तो बरा होता, असं मला लिहायचं होतं. तसं नव्हतं. तो निर्धास्त होता, आणि मी नव्हते. तो दुपारी घोरायचा आणि मी दारात उभी राहून ते घोरणं ऐकायचे.

भाद्रपदात अण्णांचा फोन आला की उदगीरला धो धो लागलाय, ओढ्यावरचा पूल गेला. जिल्ह्याची घोषणा झाली नव्हती. त्याच आठवड्यात एका सकाळी शिवानंद पेपर वाचता वाचता खुर्चीत कलंडला. यंत्रानं काही केलं नाही. त्याला तसं सांगणारे आम्हीच होतो.

तर, ज्या वाचकबाईंनी उन्हाळ्यात उदगीरला जावं का असं विचारलं होतं, त्यांना उत्तर: जा. किल्ला बघा, सुशीला खा, पाणी बरोबर न्या. घरात कुणाच्या छातीत असं यंत्र असेल तर निघण्यापूर्वी जवळचा दवाखाना शोधून ठेवा. आणि ते बंदही करता येतं का, हे बसवायच्या दिवशीच विचारा. उत्तर मिळून मन शांत होईल, असं मी म्हणत नाही. माझं झालेलं नाही. तो विजा बघत होता ती अर्धी संध्याकाळ आणि गाडीतली ती वाट, यातलं एक आठवलं की दुसरं येतंच.

आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात. दहन असतं तर यंत्र आधी काढावं लागलं असतं, आगीत ते फुटतं. पुरायचं होतं म्हणून कुणी काढलं नाही. अण्णांनी भस्म लावलं, अक्कांनी बेल वाहिला आणि त्याला बसवून माती दिली. नंतर मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की धक्के बंद असले तरी बाकी यंत्र सुरूच असतं, बॅटरी अजून काही वर्षं टिकेल. म्हणजे आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हाही ते त्या मातीखाली त्याचा ठोका शोधत असणार.