प्लग तर सकाळपासून बाहेर होता!

आधीच सांगते — भूतबित, करणी, शक्ती... माझा झिरो विश्वास. त्यामुळे 'ताईत बांधा' टाईप कमेंट नकोत प्लीज!

मुलुंड ईस्ट, माझ्या ताईचा वन बीएचके. ताई आणि जिजू, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. बाळ पाच महिन्यांचं. पाळण्याजवळ एक मशीन असतं — बाळ रडलं की त्यावरचा दिवा लुकलुकतो आणि ताईच्या मनगटावरचा पट्टा थरथरतो. झकास चालतं!

पण जिजूंची आई (मी त्यांना मावशी म्हणते) कणकवलीहून आली ती हट्ट घेऊनच — नातवाला गावी नेणार. "आवशीक ऐकाक येणा नाय, बापाशीक येणा नाय... पोराक काय झाला तर कळतला कोणाक?" ताई ओठांवरून सगळं वाचते, हे मावशींना माहीत होतं. तरी तिच्यासमोरच बोलायच्या.

रविवारची दुपार. ताई किचनमध्ये मासे साफ करत होती. हॉलमध्ये मी, मावशी आणि शेजारच्या काकू. ऐकू येणाऱ्या तिघी! पाळणा आमच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. गप्पा फुल ऑन.

अचानक ताई धावत आली. हात माशाचे, तसेच. बाळाला उचललं, हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या... दूध घशात अडकलेलं यार! चेहरा निळा, तोंड उघडं, आवाज शून्य. मग भक्कन दूध बाहेर आलं आणि असा रडला ना तो...

मी ताईचा हात धरला — पट्टा अजून थरथरत होता. मशीनकडे बघते तर प्लग बाहेर! मावशींनी सकाळीच काढलेला. "दिवसाढवळ्या दिवो कित्याक?" त्यांना तो नाईट लॅम्प वाटला. दुपारपर्यंत बाळ ताईच्या कडेवरच होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

मशीनला बॅटरी नाही. आणि ताई धावत आली तोवर बाळ रडलंच नव्हतं. मग पट्टा?? नंतर मी कितीदा तरी प्लग काढून बघितला — ढिम्म! 'लूज कनेक्शन असेल' म्हणणाऱ्यांनी घरी येऊन करून दाखवा.

मावशी मला म्हणाल्या, "विचार गो तिका, कळला कसा?"

मी खुणांनी विचारलं. ताईने बाळाला खांद्यावर टाकलं, मोकळ्या हाताने उत्तर दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जसंच्या तसं बोल. बोलले.

"मला कसं कळलं ते सोडा. तुम्हा तिघींना का नाही कळलं?"

मावशी गावी एकट्याच गेल्या. पट्टा का थरथरला, मला खरंच माहीत नाही... आजही नाही. पण बाळ मुलुंडलाच आहे. आणि इथेच राहणार.